प्रशस्तिपत्र परत घ्या, अर्जाचे उत्तर द्या

आमचा अर्ज ज्यांच्या टेबलावर आहे त्या साहेबांना, आणि वाचतील त्या सगळ्या सोलापूरकरांना

मा. साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव आणि कार्यालयाचे नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. साहेब बदलून जातात, टेबल तिथेच राहते आणि आमची तक्रार टेबलाबद्दल आहे. हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला दोन ओळींत कळेलच.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या महिला बचत गटाने तुमच्याकडे एक अर्ज दिला होता. पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरांना उष्णता परतवणारा पांढरा रंग लावून द्यावा. विडी घरकुल या कामगार वसाहतीकडून कामाच्या वेळेला सिटी बस सोडावी. रस्त्याच्या कामात जी झाडे जातील त्यांच्या बदल्यातली झाडे त्याच वस्तीत लावावीत. सकाळी चौकाचौकात कचरा पेटवला जातो तो बंद व्हावा. एवढेच मागणे होते. अर्जाची पोच आमच्याकडे आहे, शिक्काही स्पष्ट उमटलेला आहे. उत्तर यायला पुढचा उन्हाळा उजाडला. त्याचा मतलब असा की सूचना स्तुत्य आहेत, हवामान बदल हा व्यापक विषय आहे, लोक आधी बदलले पाहिजेत, सबब गटाने जनजागृतीचे काम असेच चालू ठेवावे. सोबत 5 जूनच्या पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमाचे आमंत्रण आणि गटाचा सत्कार.

आम्ही कार्यक्रमाला गेलो नाही, तर प्रशस्तिपत्र शिपायाच्या हाती घरपोच आले. अर्जाच्या उत्तराला वर्ष लागते आणि प्रशस्तिपत्र दोन दिवसांत घरी येते, हे बघून गटातल्या बायका आधी हसल्या आणि मग चिडल्या. ते या पत्रासोबत परत करत आहोत. फ्रेम चांगली आहे, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

मी टॉवेलला शिलाई मारते. कारखान्यातून गठ्ठा येतो, कडा दुमडायच्या, शिलाई घालायची, डझनावर मजुरी. सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या, जाऊबाई अजून वळतात. आमची खोली पत्र्याची. मे महिन्यात दुपारी या खोलीत काय होते ते टेबलापाशी बसून कळणार नाही, म्हणून सांगते. विडीचा पाला भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा लागतो. वाळला की चिरतो आणि चिरलेल्या पाल्याची विडी कारखान्यात छाटात, म्हणजे बाद मालात, जाते. सुपात तंबाखू असते. पंखा लावला की तंबाखू उडते आणि पाला कडक होतो. म्हणून बाई भर दुपारी पंखा बंद करून बसते. वर पत्रा तापलेला, बाहेर पारा 43-44 वर. नाकातोंडात तंबाखूचा धुरळा. दर थोड्या वेळाने जाऊबाई पदर ओला करून मानेवर टाकतात आणि पुन्हा कात्री हातात घेतात. हजार विड्या व्हायच्या असतात, ऊन किती आहे हे कुणी विचारत नाही. शेजारच्या अक्का, ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात, त्या एकदा सर्व्हेला आलेल्या मुलीला म्हणाल्या, "पोरी, पंखा दे म्हणून कोण मागतंय? वरचा पत्रा थंड कर की."

आमच्या अर्जाचा पहिला मुद्दा अक्कांच्या त्या एका वाक्यातून आला आहे.

"यात कार्बनचा काय संबंध?" असे तेव्हा टेबलापलीकडून विचारले होते. प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तर ऐकून घ्यायला मात्र कुणाला वेळ नव्हता. आता ऐका. आपल्या घरात येणारी वीज बहुतांशी कोळशाची. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ही वीज कशी होते हे बघायला आम्हा सोलापूरकरांना लांब जावे लागत नाही. दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला 1320 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे, कोळसा रेल्वेने येतो आणि पाणी उजनीचे. आता पत्र्याखालच्या घरात ज्याला परवडतो तो कूलर लावतो. सकाळी लावलेला कूलर रात्री झोपेपर्यंत बंद होत नाही, कारण पत्रा दिवसभर तापतो आणि भिंती रात्रभर ती ऊब सोडतात. दिवसाला दोन युनिट धरा. म्हणजे एका खोलीमागे रोज जवळपास दीड किलो. पत्रा पांढरा केला की ऊन परत जाते, खोली काही अंशांनी उतरते आणि कूलरचे तास कमी होतात. ज्यांच्याकडे कूलरच नाही त्यांना निदान बसवेल एवढा तरी फरक पडतो. अंगाला गारवा आणि विजेची बचत एकाच डब्यातल्या रंगाने होत असेल, तर तो विषय व्यापक कसा? उलट फार छोटा आहे, शिडी लावून पोहोचता येईल एवढा.

आम्ही तो आमच्या हाताने करून पाहिला आहे. ज्यांची घरे स्लॅबची आहेत त्यांना चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात मारायला लावले. खर्च कमी, फरक लगेच. पण पत्र्यावर चुना टिकत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. त्याला ऊन परतवणारा रंग लागतो आणि तो विडीवाल्या बाईच्या हातचा नाही. पुन्हा किती घरे भाड्याची! भाडेकरूने मालकाच्या पत्र्यावर रंग का लावावा आणि मालकाने भाडेकरूच्या गारव्यासाठी का खर्च करावा, या वादात पत्रा तापतच राहतो. इथेच सरकार लागते.

आणि हे आम्ही स्वप्नात पाहिलेले नाही. अहमदाबादेत 2010 च्या उन्हाळ्यात माणसे मेली तेव्हा त्या शहराने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करायला घेतली. तेलंगण सरकारने 2023 मध्ये कूल रूफ धोरणच जाहीर केले. आमच्या पूर्व भागातल्या घरोघरी तेलंगणातले पाहुणे येतात-जातात साहेब, आमच्या आजे-पणज्यांचे मूळ तिकडचे. लग्नाकार्याला गेलेल्या बायका तिकडची खबर घेऊन येतात आणि इथे येऊन आम्हाला विचारतात, आपल्याकडे का नाही? मी काय सांगू? जनजागृती चालू आहे म्हणून?

दुसरा मुद्दा बसचा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण छपरावर निदान हसून बोलता तरी आले, बसचे नाव काढले की सगळे खाली बघतात.

कुंभारीला विडी कामगारांची 10,000 घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. मग रे नगर झाले, 30,000 घरांचे. त्यातल्या पहिल्या 15,000 घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते मिळाल्या. घर मिळाले, स्लॅबचे मिळाले, त्याचा आनंद आमच्या नात्यातल्या कितीतरी घरांत आहे आणि घरांसाठीच्या त्या मोठ्या लढ्याला हात जोडून नमस्कार. पण वस्ती शहराच्या कडेला गेली, काम, बाजार, दवाखाना आणि मुलींचे कॉलेज तर शहरातच राहिले. मग रोज एवढी माणसे कशी येणार? रिक्षात कोंबून, नाहीतर हप्त्यावर घेतलेल्या गाडीवर. एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. ज्या घरात कधी गाडी नव्हती तिथे दोन गाड्या आल्या, त्या हौसेने आलेल्या नाहीत. बस नव्हती म्हणून आल्या. आता त्याच घरातल्या पोराला शाळेत "सायकल चालवा, पृथ्वी वाचवा" यावर निबंध लिहायला सांगतात.

कामाची पाळी सुटायची वेळ आणि बस असलीच तर तिची वेळ, यांची गाठ कधी पडत नाही. संध्याकाळी टॉवेल कारखान्यातून सुटलेल्या बाईला अंधारात थांब्यावर उभे राहायची भीती वाटते. थांब्याला छप्पर नाही, दिवा नाही. छप्पर असले तर त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. त्या वेळी तिच्यापुढे कार्बनचा प्रश्न नसतो, सुखरूप घरी जाण्याचा असतो. तिला भरवशाची बस दिली की कार्बनचे काम आपसूक होते, तिला वेगळी शपथ द्यावी लागत नाही.

2023 मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा जाहीर केली, सोलापूरसाठी 100 गाड्या मंजूर झाल्याचे आम्ही पेपरात वाचले. चांगली गोष्ट आहे. आमचा प्रश्न गाडीच्या रंगाचा किंवा उद्घाटनाचा नाही. कुंभारीहून किती वाजता, कोणत्या मार्गाने आणि दर किती मिनिटांनी बस जाणार? आणि जातीजातीच्या, पक्षापक्षाच्या चौकांना वळसे न घालता कामाच्या ठिकाणी जाणार का? विमान उतरावे म्हणून 2023 च्या जूनमध्ये होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली. त्या वादात मी पडत नाही, सभासदांचे दुःख सभासदांना ठाऊक. आम्ही एवढेच पाहिले की मनावर घेतले की यंत्रणा हलते. बसमध्ये बसणारी माणसे विमानात बसणाऱ्यांपेक्षा कमी तर नाहीत.

झाडांचे सांगते. रस्ता रुंद करू नका असे आमचे म्हणणे नाही, रस्ते आम्हालाही लागतात. पण महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात 2021 ला झालेल्या सुधारणेनुसार तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी झाडे लावायची असतात, तीही नखाएवढी रोपे नव्हे, किमान सहा फुटांची. पन्नास वर्षे आणि त्यावरच्या झाडांना वारसा म्हणून जास्तीचे संरक्षण आहे. आमच्या वस्तीजवळची कडुनिंबाची रांग गेली. तिच्याखाली भाजीवाल्या बसायच्या, दुपारी हातगाडीवाले टेकायचे. त्या झाडांचे वय कुणी मोजले, किती धरले, बदल्यातली झाडे कुठे लावली, हे विचारले तर तोंडी उत्तर मिळाले की शहराबाहेर माळावर लावली.

आता हे नीट ऐका, कारण हा मुद्दा सभांमध्ये कुणी काढत नाही. सोलापूरचा माळ म्हणजे रिकामी पडलेली जमीन नाही. याच गवताळ माळासाठी नान्नजला माळढोकाचे अभयारण्य केले. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात गवत हेच इथले खरे रान. त्याची मुळे जमिनीखाली कार्बन धरून ठेवतात, मेंढ्या-शेळ्यांना चारा देतात आणि दुष्काळात तग धरतात. तिथे यंत्राने खड्डे मारून रोपे लावायची, उन्हाळ्यात ती वाळली की पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप आणि नवा फोटो. यात गवतही गेले आणि झाडही. आणि सावली ज्या भाजीवालीची गेली ती तर त्या माळावर बसायला जाणार नाही. गेलेल्या झाडाची भरपाई त्याच प्रभागात झाली पाहिजे. जागा नाही हे आम्हाला सांगू नका, आम्ही वस्तीत फिरून जागा लिहून काढल्या आहेत. शाळेची कुंपणे, दवाखान्याचे आवार, पाण्याच्या टाकीभोवतीची मोकळी जागा. यादी अर्जाला जोडली होती.

कचरा जाळण्याबद्दल फार लिहीत नाही. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये त्याला 5,000 रुपये दंड ठरवला, ढिगाने जाळला तर 25,000. सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे, म्हणजे आपली हवा खराब असल्याचे सरकारनेच मान्य केले आहे. तरी सकाळी पालापाचोळा, टॉवेलच्या कतरणी आणि प्लॅस्टिक एका ढिगात पेटते. झाडू मारणाऱ्या ताईंना दोष देऊ नका. उचलायला गाडी आली नाही तर त्या बिचाऱ्या ढीग डोक्यावर घेऊन जाणार का? आमच्या गटाने ओला कचरा ड्रममध्ये जिरवून दाखवला, कतरणी वेगळ्या ठेवल्या तर मशिनी पुसायच्या कॉटन वेस्टला जातात हेही दाखवले. मग एके दिवशी घंटागाडीत आम्ही वेगळा केलेला ओला आणि सुका आमच्या डोळ्यांदेखत एकत्र ओतला गेला. त्यानंतर शेजारणींना "वेगळा करा" म्हणून सांगायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?

शंभर किलोमीटरहून लांब उजनीपासून पंप लावून आणलेले पाणी रस्त्यात फुटून वाहते तेव्हा त्यातली वीजही वाहून जाते. एवढे एक वाक्य पाण्याबद्दल पुरे, बाकीचे सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यात जास्त मनाला लागले ते वेगळेच. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर शहरांना गुण मिळतात. त्या वेळी आमच्या ड्रमांचे फोटो काढायला माणसे आली. आम्ही चहा केला, पदर सावरून उभ्या राहिलो. ते फोटो कुठल्या सादरीकरणात लागले हे आम्हाला नंतर दुसऱ्यांकडून कळले. त्याबद्दल तक्रार नाही, शहराला गुण मिळाले तर आम्हालाही बरेच वाटेल. पण फोटो सादरीकरणात आणि अर्ज कपाटात, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

लोक आधी बदलले पाहिजेत, असे तुमच्या उत्तरात आहे. कुठले लोक? आमच्या गटातल्या बहुतेक घरांचे वीजबिल शंभर युनिटच्या आतले. मजूर बाई पायी चालते, जुन्या साडीची गोधडी शिवते, डबा घासून पुन्हा वापरते. तिने अजून काय कमी करायचे? पीएम सूर्यघर योजनेत छपरावरच्या तीन किलोवॉटच्या सौर पॅनेलला 78,000 रुपये अनुदान आहे. पण ते घ्यायला आधी स्वतःचे, वजन पेलणारे छप्पर लागते. पत्र्यात भाड्याने राहणारीला ती योजना दुकानाच्या काचेतून बघण्यासारखी आहे. तिची जागृती झालेली आहे साहेब. पहाटे चारला नळाला पाणी येते तेव्हापासून ती जागीच असते.

श्रमदानाचे म्हणाल तर ज्या गावात सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या हातांनी तळे खोदवले, त्या गावाला श्रमदान शिकवावे लागत नाही. शिडी आम्ही लावू, ब्रश आम्ही धरू. पण बसचे वेळापत्रक आणि झाडांचा पंचनामा श्रमदानाने होत नाही. त्याला तुमची सही लागते.

तर मागण्या पुन्हा लिहिते, या वेळी तारखेसह.

पत्र्याच्या घरांची प्रभागवार यादी करा आणि निदान एका प्रभागातली सगळी छपरे येत्या होळीच्या आत रंगवून द्या. रंग तुमचा, हात आमचे. भाड्याच्या घरांना आधी घ्या, मालकाच्या संमतीचा साधा एक पानी नमुना तयार करा.

कुंभारी आणि विडी घरकुलाहून सुटणाऱ्या बसचे वेळापत्रक कारखान्यांच्या पाळ्या विचारून ठरवा आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांत थांब्यावर लावा. थांब्याला दिवा लावा. फ्लेक्स काढा.

गेल्या तीन वर्षांत तोडलेल्या झाडांची यादी, त्यांचे धरलेले वय आणि बदल्यातली झाडे कुठे आहेत, हे सगळ्यांना बघता येईल असे जाहीर करा. यापुढे माळावर एकही भरपाईचे झाड नको.

कचरा उचलायची वेळ आणि त्या भागाच्या जबाबदार माणसाचा हुद्दा चौकात लिहा. वेगळा दिलेला कचरा वेगळाच गेला पाहिजे.

आणि तुमच्या स्वतःच्या इमारती, पंप आणि रस्त्यावरचे दिवे वर्षाला किती वीज खातात ते दरवर्षी छापा. आम्ही आमचे बिल दाखवायला तयार आहोत, तुम्ही तुमचे दाखवा. तुमच्या आणि शाळांच्या गच्चीवर सौर पॅनेल किती बसले, किती बंद पडले, तेही त्यातच येऊ द्या.

पैसे नाहीत म्हणाल तर पुढच्या पर्यावरण दिनाचे मंडप, फ्लेक्स, टी-शर्ट आणि प्रशस्तिपत्रांच्या फ्रेमा रद्द करून सुरुवात करा. स्वच्छ हवा कार्यक्रमाचा निधी कचरा जाळणे थांबवायला आणि वाहनांचा धूर कमी करायला वापरता येतो, हे आम्हाला तुमच्याच कार्यालयातल्या एका क्लार्क ताईंनी समजावून सांगितले. त्यांचे आभार. त्या कोण हे शोधत बसू नका.

उत्तर लेखी हवे, जुन्याच अर्जाच्या आवक क्रमांकावर हवे आणि मुद्द्यानुसार हवे. जमणार नसेल तर कोणता मुद्दा, कुठल्या नियमाने जमत नाही तेही लिहा, आम्ही समजून घेऊ. महिनाभर वाट पाहू. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू, त्याला तीस दिवसांची मुदत कायद्यानेच आहे. त्यानंतर पूनम गेटला धरणे धरून बसू. तिथे बसायचे म्हणजे आमची त्या दिवसाची मजुरी बुडते. विडीला हजारावर पैसे मिळतात आणि टॉवेलला डझनावर, घोषणांना काही मिळत नाही. म्हणून आधी लिहून विचारत आहोत.

आपली,
गटाची सचिव, टॉवेल शिलाई कामगार
पूर्व भाग, सोलापूर